खडाखडा वाचता, पण कळता काय?

लावणी आटोपत आली, हात जरा मोकळे झाले, म्हणून आज बचत आणि कर्ज बाजूला ठेवून शाळेचा विषय घेतो आहोत. जामसंडे आणि आजूबाजूच्या वाड्यांत गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा हिशेबाच्या वह्या मिटल्या की गप्पा मुलांवरच येतात. त्यात एक वाक्य हमखास असतं : "माझो झील पुस्तक खडाखडा वाचता." आईचा चेहरा फुललेला असतो, आणि का नसावा? तिच्या वेळी घरात पुस्तकच नव्हतं. पण आम्ही विचारतो, "काय वाचल्यान?" तर ती म्हणते, "धडो." धड्यात काय होतं? मग ती मुलाकडे बघते, मुलगा पुस्तकाकडे बघतो.

वाचणं आणि समजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्याला पटायला जड जातं. याचं एक कारण आपल्या लिपीतच आहे. मराठी जसं लिहितात तसंच जवळजवळ उच्चारतात. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा पक्की झाली की मूल समोर येईल ते वाचतं, मग त्याचा अर्थ कळो न कळो. चतुर्थीत आपल्या घरोघरी अथर्वशीर्ष म्हणतात. कितीतरी जणी ते एकही अक्षर न चुकता म्हणतात. अर्थ विचारला तर किती जणी सांगतील? त्यात कमीपणा काही नाही, ती भक्ती आहे. पण मुलाचं पाठ्यपुस्तक तसंच वाचलं जात असेल, तर शाळेत जाऊन त्याच्या हाती काय लागलं?

आता एक गंमत करू. हातातलं काम थांबवू नका, फक्त ऐका. "मुरट्या चिंबळ्याने खुपड्यात तीन ढवऱ्या लपकवल्या." पुन्हा ऐका : मुरट्या चिंबळ्याने खुपड्यात तीन ढवऱ्या लपकवल्या. आता उत्तरं द्या. ढवऱ्या कोणी लपकवल्या? चिंबळ्याने. कुठे? खुपड्यात. किती? तीन. चिंबळा कसा होता? मुरट्या. चारपैकी चार गुण! आणि 'तीन' सोडला तर यातला एकही शब्द मराठीत नाही, आम्हीच बनवला आहे.

हे आम्ही गटाच्या बैठकीत केलं तेव्हा बायका हसून हसून लोळल्या. पण नंतर एक जण गंभीर होऊन म्हणाली, "म्हणजे धड्याखालचे प्रश्न असेच सुटतत काय?" बरेचसे असेच सुटतात. कोण, कुठे, किती असं विचारलं की मूल प्रश्नातला शब्द धड्यात शोधतं आणि त्याच्या पुढचामागचा शब्द उचलून उत्तर म्हणून लिहितं. वहीवर बरोबरची खूण मिळते, आई खूश, बाईही खूश. मुलाला वाटतं, यालाच अभ्यास म्हणतात. चौथी-पाचवीपर्यंत यावर निभतं. पुढे विज्ञान, इतिहास, गणितातली शाब्दिक उदाहरणं आली की अडतं, आणि मग आपण म्हणतो, "पोराचा डोक्याच चलना नाय." डोकं चांगलं चालतं हो. ते कधी तपासलंच गेलं नाही.

आणि तपासायचं म्हणजे "समजलं का?" असं विचारायचं नाही. या प्रश्नाचं उत्तर जगात सगळीकडे एकच आहे : होय. वर्गात बाईंनी विचारलं की तीस मुलं एका सुरात "होय बाई" म्हणतात. त्यात ज्याला कळलं तो असतो, ज्याला नाही कळलं तोही असतो, आणि ज्याला आपल्याला कळलं नाही हेच कळलेलं नाही, तोही असतो.

मोठ्यांचंही असंच चालतं. गटात कर्जाचा नियम वाचून दाखवला आणि "समजलं ना?" विचारलं की सगळ्या माना हलतात. म्हणून आम्ही आता तसं विचारतच नाही. समजा, गटाचं अंतर्गत कर्ज 10,000 रुपये आहे आणि व्याज महिन्याला शेकडा 2. पहिल्या महिन्याचं व्याज 200, हे सगळ्या सांगतात, कारण ते आत्ताच वाचलेलं असतं. मग आम्ही विचारतो, "त्यातले 5,000 फेडले, तर पुढच्या महिन्याला व्याज किती?" जी 100 म्हणते तिला नियम कळला. जी 200 म्हणते तिने नियम ऐकला, पण तो तिच्यापर्यंत पोचलेला नाही. तिला ओरडायचं कारण नाही, पुन्हा सांगायचं. पण सही घेण्याआधी सांगायचं. वाचलेल्याच्या एक पाऊल पुढचा प्रश्न विचारायचा, एवढंच यात आहे, आणि मुलांनाही तेच लागू पडतं.

एक छोटा उतारा घेऊ, पुस्तकी मराठीतला : "सदू ओढ्यावर गेला. पाणी गढूळ होते. तो रिकामीच घागर घेऊन परत आला. आई काही बोलली नाही. तिने कळशी उचलली आणि विहिरीची वाट धरली." चारपाच वाक्यं, दुसरीचं मूलही वाचेल. आता "सदू कुठे गेला?" हा प्रश्न फुकट आहे, तो विचारू नका. "घागर रिकामी का आणली?" असं विचारा. कारण उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही, मुलाला दोन वाक्यं जोडावी लागतात. "आई विहिरीकडे कशाला गेली?" हेही लिहिलेलं नाही. "आदल्या रात्री काय झालं असेल?" पाऊस पडला असेल, असं मूल म्हणालं तर त्याला उतारा डोळ्यांसमोर दिसला. कोणी म्हणेल, वरच्या अंगाला म्हशी पाण्यात उतरल्या असतील. तेही बरोबर! उलट जास्तच चांगलं, कारण ते पुस्तकातून आलेलं नाही, त्याच्या स्वतःच्या व्हाळावरून आलेलं आहे.

आता खरी अडचण. हाच उतारा एका मुलीने आमच्यासमोर सुरेख वाचला. "सदू खय गेलो?" म्हटल्यावर ती गप्प बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ओढूक." तिला 'ओढा' म्हणजे दोरी ओढा, होडी ओढा एवढंच माहीत. आपण व्हाळ म्हणतो. ओढा हा शब्द तिच्या घरात कोणी कधी उच्चारलेलाच नाही. 'व्हाळ' म्हटल्याबरोबर तिचे डोळे लकाकले आणि सगळी गोष्ट घडाघडा बाहेर आली : "सदू व्हाळार पाणी आणूक गेलो. पाणी गढूळ होता म्हणान घागर रिकामीच घेवन इलो." म्हणजे मुलगी हुशार होती, आणि एका शब्दापायी मठ्ठ ठरत होती.

असे शब्द किती आहेत! अंगणाला आपण खळा म्हणतो, रोपांना तरवो, मुलाला झील, मुलीला चेडू. त्याहून फसवे ते शब्द, जे दोन्हीकडे आहेत पण अर्थ वेगळा. 'जनावर' म्हटलं की आपल्याकडे साप. पुस्तकात 'शेतकऱ्याची जनावरे गोठ्यात होती' असं आलं की लहान मूल दचकेल नाही तर काय? 'लावणी' म्हणजे आपल्याला चिखलात वाकून केलेली तरव्याची लावणी, पुस्तकात मात्र ढोलकीवरची. शिवाय हुरडा, मोट, बैलपोळा हे घाटावरचं जग. आपल्या मुलाने ते पाहिलेलंच नाही, शब्दाचा अर्थ सांगूनही चित्र उभं राहत नाही. दोष पुस्तकाचा म्हणत नाही आम्ही. बालभारतीची पुस्तकं सगळ्या महाराष्ट्रासाठी असतात, विदर्भातल्या मुलाला तरी रापण कुठून कळणार?

वर्गात शिक्षकही बरेचदा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांना मालवणी शिकायला वेळ लागतो. मुलाने बरोबर उत्तर मालवणीत दिलं तर ते चूक धरलं जाण्याची भीती असते. मग मूल उत्तरच देईनासं होतं आणि आपण म्हणतो, "लाजता." काही घरांतून तर आईच सांगते, "शाळेत मालवणी बोला नको, गावठी म्हणतले." मैत्रिणींनो, हे आम्हाला अजिबात पटत नाही. 'वस्त्रहरण' नाटक 1980 साली आलं आणि ह्याच बोलीने मुंबईची नाट्यगृहं भरली. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आणि आपल्या पोराला मात्र गप्प बसवायचं? प्रमाण मराठी मुलाला यायलाच हवी, परीक्षा तीत आहे, नोकरी तीत आहे. पण ती समजली की नाही हे तपासायचं साधन मालवणीच आहे. पुस्तकातली गोष्ट मुलाने मालवणीत सांगितली तर ती त्याला कळली. पुस्तकाचीच वाक्यं परत म्हटली तर ती पाठ आहे, एवढंच कळतं.

कायदाही आपल्याच बाजूने आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा, त्याचं कलम 29. त्यात म्हटलं आहे की शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं, मुलाला भीती वाटू नये, आणि मूल्यमापन करायचं ते मुलाच्या समजेचं आणि ती समज वापरता येण्याच्या क्षमतेचं. पाठांतराचं नव्हे. आपली जनगणनाही साक्षर कोणाला म्हणते, तर सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं त्याला. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची साक्षरता 85 टक्क्यांच्या वर आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण व्याख्येतल्या 'समजून' या शब्दाकडे कोणाचं लक्ष जात नाही.

सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असं त्यात उद्दिष्ट आहे. चांगलं आहे. पण घरी काय झालं? मोबाईलवर घड्याळ लावून पोरांच्या शर्यती सुरू झाल्या. साठचे सत्तर, सत्तरचे ऐंशी. 'अर्थ समजून' हे दोन शब्द वाटेत कुठेतरी सांडले. वेगाला महत्त्व आहे, नाही असं नाही. मूल एकेक अक्षर जोडत बसलं तर वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरतं. पण सुसाट वाचणाऱ्यालाही थांबवून विचारायला हवंच.

प्रथम या संस्थेच्या 'असर' पाहणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2005 पासून त्यांचे लोक गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. आधी परिच्छेद, तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या चार मुलांपैकी साधारण एकालाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. आणि हे फक्त वाचण्याचं.

मग शाळेत काय करता येतं? पुष्कळ, आणि चांगल्या शिक्षिका ते करतातही. प्रश्न विचारून हात वर करणाऱ्या त्याच तीन मुलांना न उठवता सगळ्यांना उत्तर पाटीवर लिहायला सांगायचं आणि एकदम पाट्या वर धरायला लावायच्या. एका नजरेत कळतं, किती जणांची गाडी कुठे अडली. दुसरं, थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी साधारण पन्नास वर्षांपूर्वी वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद! आपण आया तर एकसुद्धा थांबत नाही, प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणा. आपल्या पोराला तर पुस्तकी वाक्य आधी मालवणीत आणायचं असतं आणि उत्तर परत पुस्तकी मराठीत न्यायचं असतं. त्याला दोनदा नदी ओलांडायची आहे, वेळ लागणारच.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही चौथी शिकलेल्या, कोणी तेवढंही नाही, आम्ही काय तपासणार? मैत्रिणींनो, ज्या आईला वाचता येत नाही तिला हे सगळ्यांत चांगलं जमतं. का, ते सांगतो. बाईंना गोष्ट माहीत असते आणि मुलाला ठाऊक असतं की बाईंना माहीत आहे. त्यामुळे तो सांगत नसतो, परीक्षा देत असतो. तुम्हाला खरंच माहीत नसतं. तुम्ही "मगे काय झाला?" विचारता तेव्हा तो प्रश्न खरा असतो. मुलाला तुम्हाला समजावून सांगावं लागतं, आणि समजावायचं तर स्वतःला आधी समजावं लागतं. मूल इंग्रजी शाळेत असेल तरी हीच युक्ती चालते. इंग्रजी धडा वाचून झाला की म्हणा, "आता माका आपल्या भाशेत सांग." ट्यूशनला महिन्याला पैसे मोजणाऱ्या कितीतरी जणींनी एवढं एक करून बघावं, पैसे कुठे जातात ते कळेल.

हे करायला वेगळी वेळ काढू नका. भाकऱ्या थापताना, मासे साफ करताना पाच मिनिटं पुरे. मुलाला पाटावर बसवून उलटतपासणी घेऊ नका, तो दुसऱ्या दिवशी पळून जाईल. एक चुकलं म्हणून हात उगारला तर तिसऱ्या दिवसापासून तो "माका सगळा येता" एवढंच म्हणेल. लहान मुलाला वाचलेलं करून दाखवायला सांगा, किंवा चित्र काढायला. वाचून कृती करणं हीसुद्धा तपासणीच. चिठ्ठीवर लिहून ठेवा : "तांदळाच्या डब्यामागची लहान वाटी आण." मोठी वाटी घेऊन आला तर हसा आणि चिठ्ठी पुन्हा वाचायला सांगा. त्याची चूक त्यालाच सापडू दे.

आणि घरात वाचायला काय कमी आहे? विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची सूचना, आंब्याच्या फवारणीचं माहितीपत्रक. हे शेवटचं आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्या बागायतदार घरांत बापूस मुलाला हाक मारतो, "वाच रे, काय लिव्हलला हा." मुलगा भराभर वाचतो, बाप मान हलवतो, पंप भरला जातो. त्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सगळ्यांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यांत सौम्य. फवारणीनंतर किती दिवस फळ काढायचं नाही, हेही लिहिलेलं असतं. मुलाला विचारा, "आज मारला तर आंबो कधी काढूचो? तारीख सांग." तारीख सांगता आली तर वाचलेलं कळलं. नाही आली तर पुन्हा वाचायचं, आणि तोवर पंप भरायचा नाही.

शाळेबाबत एक गोष्ट आपल्या हातात आहे आणि आपण ती वापरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं याच शिक्षणहक्क कायद्यात आहे. गटातल्या कितीतरी जणी या समित्यांवर आहेत. बैठकीत काय बोलतात? पत्रे गळतात, खिचडीचा तांदूळ, पाण्याची टाकी. हे हवंच. पण पुढच्या बैठकीत शिक्षकांना नम्रपणे एक विनंती करून बघा : "सर, तिसरीतली कोणतीही तीन मुलं वाचून झाल्यावर आपल्या भाषेत काय सांगतात, ते आम्हाला ऐकायचं आहे." तपासणी करायला आलो असा सूर लावू नका. शिक्षकांच्या मागे कागदपत्रांचा आणि ऑनलाइन माहितीचा ससेमिरा किती असतो, तेही आपण जाणतो. त्यांना सांगा, शब्द अडले तर आम्ही मदत करू. घाटावरून आलेल्या शिक्षकाला व्हाळ म्हणजे काय हे सांगणारं कोणीतरी हवंच असतं, आणि बहुतेकांना ते आवडतं.

त्यासाठी एक काम. या महिन्याच्या बैठकीला येताना आपल्या मुलाला पुस्तकात अडलेले पाच शब्द लिहून आणा. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या, किंवा नुसते लक्षात ठेवून या. एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला आपला. प्रत्येक गटातून पन्नास-साठ शब्द सहज जमतील. ते आम्ही एका वहीत उतरवून घेऊ आणि वहीची एक प्रत तुमच्याच वाडीच्या शाळेत देऊ. बैठकीची तारीख तुमच्या गटाच्या अध्यक्षांना कळवली आहे, वेळ नेहमीचीच, दुपारी तीन.